आठ मुठी गंधक

काडी. एवढीशी, वाळून तारेसारखी कडक झालेली, बेदाण्याच्या बुडाला अजून चिकटून बसलेली—आणि ती चिमट्यात धरून ऋचाने दिव्याखाली नेली तेव्हा तिच्या मनात आलं की ह्या माणसाकडे काड्या खुडायला बायका आहेत, ओळीने बसून दिवसभर तेवढंच करणाऱ्या, आणि हे पाकीट प्रयोगशाळेत जाणार आहे हेही त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी काडी येतेच. येणारच. इथे सगळं असंच येतं. अर्धवट, चालतंय की म्हणून पुढे ढकललेलं. तिने काडी मोडून कचऱ्यात टाकली आणि बेदाणा खलात टाकला. तपकिरी बेदाणा, चिंचोक्याच्या रंगाचा. पाकिटावर वेड्यावाकड्या अक्षरांत नाव—मोहिद्दीन, तासगाव, शेड नंबर दोन—आणि त्याखाली निळ्या पेनने, बहुधा त्यानेच लिहिलेलं: धुरी कमी.

धुरी कमी! म्हणजे निकाल घरूनच लिहून पाठवला आहे. मग मी कशाला बसले आहे इथे सकाळपासून?

खालच्या मजल्यावर कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि टेबलावरच्या काचेच्या नळ्या किणकिणल्या. एप्रिलचं ऊन पत्र्यावरून आत उतरत होतं. बेसिनपाशी फिरदोस पाठमोरी उभी राहून चंचुपात्रं धूत होती, पलूसहून साडेसातच्या एसटीने येणारी, बी.एस्सी. झालेली, झालेली म्हणजे कशी झाली ते त्या विद्यापीठालाच ठाऊक. हात चांगला, अक्षर चांगलं, पण डोक्यात काही शिरलंय की नाही याचा पत्ता चेहऱ्यावरून लागत नाही. मॅडम, हो मॅडम, झालं मॅडम. सहा महिन्यांत तिच्याशी चार वाक्यं सलग बोलल्याचं ऋचाला आठवत नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

बेदाणा पोपटी दिसावा म्हणून हे लोक शेडचे पडदे सोडतात, खाली घमेल्यात निखारे ठेवतात आणि त्यावर गंधकाची पूड टाकतात. किती टाकायची? मूठभर. कुणाची मूठ? टाकणाऱ्याची. इतकं हे शास्त्र. मग तो धूर बेदाण्यात मुरतो, थोडा उडून जातो, थोडा आत राहतो, आणि तो किती राहिला हे सांगण्यासाठी तासगावात एक बाई ठेवलेली आहे, जिने साताऱ्यात बारावीला जिल्ह्यात पहिला नंबर काढला, कोल्हापूरला एम.एस्सी. केलं, आणि आता जी सांगलीहून रोज स्कूटर दामटत इथे येऊन लोकांच्या मुठी मोजते. मोहिद्दीनचा माल बंगळुरूच्या एका बिस्किटवाल्या कंपनीकडे जातो. किलोमागे साडेसातशे मिलिग्रॅमपर्यंत गंधक चालेल, त्याच्या वर नाही, असा करार. पहिल्या खेपेला आकडा आला बाराशे चाळीस. तेव्हा हा माणूस इथे, ह्याच स्टुलावर बसून म्हणाला होता, "आवं मॅडम, नेहमीपरमानंच दिली की धुरी. आठ मुठी. माझा बा आठच देत हुता." बापाची मूठ! दुसऱ्या खेपेला म्हणे निम्मी धुरी दिली, आकडा आला नऊशे साठ. निम्मी दिली असती तर आकडा एवढाच उतरला असता का? आणि आज तिसरी खेप. आज नापास झाला की कंपनी यादीतून त्याचं नाव काढणार, आणि काढलेलं नाव पुन्हा घेत नाहीत. तसं पत्रच आलं आहे.

घेऊ नये. मुळात अशांना यादीत घेतलंच कुणी होतं?

यंदा तर सगळ्यांनीच सोडलं आहे. इतर वर्षी दहा नमुन्यांत एखादा नापास व्हायचा, यंदा फेब्रुवारीपासून निम्म्याहून जास्त. गंधक फुकट वाटल्यासारखा जाळतायत. रंग चांगला, भाव चांगला, खाणारा मरेना का. सुरुवातीला एकेक जण वर येऊन कुरकुर करायचा, मॅडम परत एकदा बघा की, मॅडम आमचं असं कधी झालं नव्हतं. ऋचा त्यांच्यासमोर कागद ठेवायची आणि काही बोलायची नाही. न बोलण्याने माणूस जितका लहान होतो तितका बोलण्याने होत नाही, हे ती लहानपणीच शिकली होती. मग ते यायचे बंद झाले. सांगलीच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुने नेऊ लागले आणि तिथे ते झटाझट पास होऊ लागले—होणारच, तिथे काय चाललं असेल ते कुणी सांगायला हवं का? ती हे चारचौघांत बोललीसुद्धा. प्रयोगशाळेचा मालक जयराज, ज्याला स्टार्च आणि साबुदाणा यांतला फरक कळत नाही, तो उलट खूश झाला. "आपली लॅब कडक हाय असं मार्केट यार्डात बोलत्यात, ताई," तो म्हणाला. "होऊ द्या कडक." कडक! ह्याला वाटतं चहाच आहे.

एकटा मोहिद्दीन तेवढा येत राहिला. का, कोण जाणे. चिकट असतात काही माणसं.

खलात बेदाण्याचा लगदा झाला. तिने तो तोलून घेतला, पाण्यात कालवला, आत अडकलेला गंधक सुटा व्हावा म्हणून अल्कली घातली, वेळ लावली. हे करताना तिला नेहमी बरं वाटायचं. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. इथे मूठ नाही, साधारण नाही, बापाने केलं म्हणून नाही... तिचे बाबा, विष्णुपंतही, असेच घड्याळ लावून बसायचे. साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात, सकाळी सहाला, दुधाच्या पातेल्यात लॅक्टोमीटर सोडून. शाळेतून आणलेला होता तो, शाळेचा शिक्का असलेला. दूधवाला धुळा दारात उभा, किटली हातात, आणि विष्णुपंत चष्मा वर करून त्या काचेच्या नळीवरची रेघ बघतायत, मिनिटभर, दोन मिनिटं, आणि काही बोलत नाहीत. मग नुसतं, "हं." धुळाची मान त्या हं-ने खाली जायची. दूध चांगलं असो की पाणी घातलेलं असो, हं तोच. पाच-सहा वर्षांची ऋचा ओट्याला टेकून ते बघायची आणि तिला वाटायचं की आपले बाबा सगळ्यांच्या आत बघू शकतात. एक दिवस धुळा यायचाच बंद झाला. मग आई, शकुंतलाबाई, रोज अर्धा तास चालत डेअरीतून दूध आणू लागल्या, आठ वर्षं, पावसात छत्री घेऊन, आणि त्याबद्दल घरात कुणी कधी एक शब्द काढला नाही.

त्याच ओट्यापाशी समीकरणं. पाटीवर. डाव्या बाजूला जे आहे ते उजव्या बाजूला सापडलं पाहिजे, हवेतून काही येत नाही आणि हवेत काही जात नाही. ऋचाला ते लगेच जमलं. धाकट्या सौमित्रला जमलं नाही, तो रडायचा, आणि विष्णुपंत त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "ह्याला दुकानात बसवा." तो आता खरंच पुण्यात मोबाइलचं दुकान चालवतो आणि बापाला महिन्यातून दोनदा भेटायला येतो, जे माझ्याच्याने होत नाही... पण तो वेगळा विषय आहे.

पंधरा मिनिटं झाली. आम्ल घातलं, स्टार्च घातला, पात्र ब्युरेटच्या मापनळीखाली धरलं. वरून आयोडीन थेंबथेंब सोडायचं. आत गंधक आहे तोवर तो आयोडीन गिळत राहतो, रंग दिसत नाही. गंधक संपला की पुढच्या थेंबाला सगळं निळं पडतं. जितकं आयोडीन लागलं तितका गंधक. ह्यात कुणाची बडबड चालत नाही म्हणूनच तिला हे काम आवडायचं. थेंब. थेंब. निळ्याची एक रेघ आली आणि फिरवताच विरली. अजून थेंब... आणि मग निळं, टिकणारं. तिने रेघ वाचली, लॅपटॉपवरच्या कोष्टकात आकडा घातला, आणि खालच्या चौकोनात उत्तर आलं: सातशे नव्वद.

"फिरदोस," ती म्हणाली, "ह्याने किती धुरी दिली म्हणून सांगितलं होतं?"

"दोन मुठी, मॅडम. आख्ख्या शेडला."

"आठच्या दोन. आणि आकडा बाराशेवरून आठशेला. खोटं बोलायलासुद्धा गणित यावं लागतं."

नळ चालू होता.

ऋचाने प्रयोग दुसऱ्यांदा केला. त्याच्यासाठी नव्हे—चोराला पकडताना हात स्वच्छ असावेत म्हणून. सातशे अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यांदा केला. सातशे नव्वद. आता तिला आत कुठेतरी थंडगार बरं वाटलं, परीक्षेत शेवटचं गणित सुटल्यावर वाटायचं तसं. तपकिरी बेदाण्याचं कोडंही सुटलं: जुना माल असणार, गेल्या वर्षीचा, धुरी भरपूर देऊनही काळवंडलेला, तो नवा म्हणून खपवतोय. वर धुरी कमी लिहून. माझ्याकडे. मला.

कंपनीला ह्या वेळी नुसता आकडा नको होता. नाव काढायचं म्हणजे त्यांनाही कागद लागतो. पूर्ण रीत पाठवा, समीकरणांसकट, आयोडीनची तीव्रता कशी ठरवली तेही, असं त्यांच्या मेलमध्ये होतं. ऋचाला हसू आलं होतं. समीकरणं वाचणारं कुणी आहे तरी का तिथे? पण पाठवायची. अशी पाठवायची की पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. तिने कोरे कागद काढले.

"ये, तू लिही," ती फिरदोसला म्हणाली. "अक्षर तुझं बरं आहे. आयोडीन आणि हायपोपासून सुरुवात कर."

फिरदोसने हात पुसले. ओढणीला पुसले, मग पुन्हा पुसले. "तुम्हीच लिहा ना, मॅडम," ती म्हणाली. "माझं चुकंल."

चुकेल. हे एक बरं आहे ह्यांचं. चुकेल म्हटलं की सुटका. ऋचाने पेन उघडलं.

आधी आयोडीन. आयोडीन तागडीवर नीट तोलता येत नाही, तोलता तोलता उडून जातं, म्हणून ते अंदाजाने विरघळवायचं आणि त्याचा जोर किती ते हायपोच्या, म्हणजे थायोसल्फेटच्या, द्रावणाने मोजायचं. हायपोचा जोर माहीत असतो. फेब्रुवारीपर्यंत हा खटाटोप नव्हता, आयोडीनची तयार बाटली यायची, लेबलवर आकडा असायचा. मग जयराजने ती बंद केली, इथेच करा म्हणाला, आणि ऋचाने एका संध्याकाळी बसून कोष्टक तयार केलं. हायपोचा आकडा घातला की आयोडीनचा जोर, आयोडीनचा आकडा घातला की गंधक. तेव्हापासून ते कोष्टकच सगळं करतं. तिने कागदावर डावीकडे आयोडीनचा रेणू लिहिला. दोन अणू, दोघांना एकेक इलेक्ट्रॉन हवा, म्हणजे रेणूला दोन. त्याखाली हायपो. हायपो किती देतो? तिने गंधकाचे अणू मोजले, बाण काढला, उजवीकडे चार गंधकांचा जोड लिहिला. डावीकडे दोनच गंधक. म्हणून हायपोच्या आधी दोन. आता गंधक चार, चार. प्राणवायू सहा, सहा. प्रभार... बरोबर. दोन हायपो मिळून दोन इलेक्ट्रॉन देतात, एक आयोडीन दोन घेतो. दहावीतल्या पोरीलाही जमेल इतकं सोपं. तिने त्या दोनभोवती सवयीने एक छोटं वर्तुळ केलं, बाबा पाटीवर करायचे तसं, आणि लॅपटॉपकडे वळली, कोष्टकातली ओळ शब्दात उतरवून घ्यायला.

कोष्टकात त्या जागी एक धरला होता.

तिने कागदाकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे. चौकोनावर बोट ठेवून आतलं सूत्र उघडलं. हायपोचा जोर गुणिले हायपोचं माप, भागिले आयोडीनचं माप. भागिले दोन कुठे आहे? असणार, दुसऱ्या कुठल्या तरी चौकोनात घेतला असणार, मी असं सोडणार नाही. तिने पुढचा चौकोन उघडला, त्याच्या पुढचा, सगळे उघडले. मग परत पहिल्यावर आली. नव्हता. दोन हायपो मिळून एक आयोडीन संपवतात, आणि कोष्टक समजत होतं की एकच पुरतो. म्हणून आयोडीन आहे त्याच्या दुप्पट जोरकस धरलं गेलं, आणि म्हणून प्रत्येक बेदाण्यातला गंधक... दुप्पट.

निम्मे केले तर सातशे नव्वदचे तीनशे पंच्याण्णव. नऊशे साठचे चारशे ऐंशी. बाराशे चाळीसचे सहाशे वीस.

सहाशे वीस. म्हणजे आठ मुठी बरोबर होत्या. पहिल्याच खेपेला. आणि धुरी चौथाई केली म्हणून आत राहणारा गंधक चौथाई होत नाही, जास्तीचा उडूनच जातो; तो खोटं बोलतच नव्हता.

कॉम्प्रेसर बंद झाला आणि खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. नाही, थांब—ती स्वतःला म्हणाली—घाई नको. हायपोची बाटली वेगळी असेल. लेबल वाच. तिने लेबल वाचलं. मग तिने कागद उलटा करून समीकरण पहिल्यापासून पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा दोन आला. तिसऱ्यांदा लिहायला घेतलं तेव्हा आपण काय करतो आहोत हे तिला कळलं. हात थांबला. फेब्रुवारीपासून किती रिपोर्ट गेले? एकशे चौदा. शेवटचा नंबर तिला पाठ होता, कारण आजचा एकशे पंधरावा. त्यांतले निम्म्याहून जास्त नापास, आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले यंदा सगळ्यांनीच सोडलं आहे. एकदाही, एक दिवसही मला असं वाटलं नाही की एवढी माणसं एकदम बिघडत नसतात. वाटलं नाही, कारण ती बिघडलेलीच आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. आकडे आले आणि मी मान हलवली. बघा, मी म्हणत नव्हते!

आणि सांगलीची ती दुसरी प्रयोगशाळा, जिच्याबद्दल मी चारचौघांत... तिथे नुसतं बरोबर मोजत होते.

मग ती संध्याकाळ आठवली. आठवायला नको होती, पण आली. कोष्टक करताना पुण्याहून सौमित्रचा फोन आला होता, बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. ती खांद्याने फोन कानाला धरून बोटं चालवत होती आणि त्याला समजावत होती की तुझ्या डोक्यात हे शिरणार नाही, मी बघते. फोन ठेवला तेव्हा मागे कुणीतरी उभं होतं. फिरदोस, दप्तर खांद्याला लावून, एसटीच्या वेळेला निघालेली. पडद्याकडे बघत होती. म्हणाली होती—काय म्हणाली होती?—"मॅडम, इथं दोन येत नाही का?"

आणि मी म्हणाले, "तू आधी तुझी एटीकेटी सोडवली होतीस तेव्हा किती आले होते ते आठव."

हसत म्हणाले. वाईट अर्थाने नाही. म्हणजे, वाईट अर्थानेच. पोरगी हसली होती, हो मॅडम म्हणाली होती आणि गेली होती, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तिने एकही प्रश्न विचारला नाही, आणि मी समजले की हिच्या डोक्यात काही शिरत नाही.

ऋचाने मान वळवली. फिरदोस अजून पाठमोरीच होती, एकच पात्र धूत होती, केव्हापासून. तिला माहीत आहे का? आजही माहीत होतं? माझं चुकंल म्हणाली तेव्हा... की ती विसरून गेली, जशी मी विसरले? विचारता आलं असतं. नाव घेऊन हाक मारायची आणि विचारायचं. एवढ्याशा खोलीत सात-आठ पावलांचं अंतर होतं, आणि ऋचा खुर्चीतून उठली नाही. वर तिला रागही आला, खरा राग: दुसऱ्यांदा का नाही बोललीस? एकदा मी तोडून बोलले म्हणून एवढं सगळं गिळून बसायचं? असला कसला पाणचट स्वभाव! पण हा राग फार वेळ पेटता राहिना.

तिने सूत्रात भागिले दोन घातलं. बाकी काही नाही, दोन अक्षरं. पडद्यावरचे सगळे आकडे एका क्षणात निम्म्यावर आले, मागचे जुनेही, खाली खालीपर्यंत, आणि लाल रंगाचे चौकोन पटापट हिरवे झाले. किती सोपं. आजचा रिपोर्ट तीनशे पंच्याण्णव जाईल, पास, कंपनी गप्प, म्हातारा खूश. जुने कुणाला निम्मे करून हवे आहेत? तो माल विकला गेला, पडत्या भावाने, गावठी मिठाईवाल्यांना, कुणाच्या पोटात गेला, संपला. ज्यांना जायचं ते सांगलीला गेले. कुणी विचारणार नाही. विचारलंच तर आयोडीन जुनं होतं म्हणता येईल, उन्हाळा आहे, हवेत उडतं... हवेत. तिला स्वतःचं हसू आलं.

जिन्यावर पावलं वाजली. जड, दर चार पायऱ्यांवर थांबणारी. तिला ती ओळखता आली आणि तिने समीकरणाचा कागद फाइलखाली सरकवला, का ते न कळता.

मोहिद्दीन दारात उभा राहून आधी दम खाऊ लागला. साठी ओलांडलेला माणूस, पांढरी टोपी, सदऱ्यावर द्राक्षं बुडवायच्या तेलाचे डाग, नखांच्या कडेला गंधकाचा पिवळा रंग कायमचा बसलेला. ह्या नखांकडे बघून तिने गेल्या वेळी खुर्ची मागे सरकवली होती. तो स्टुलावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"झालं का, मॅडम?"

तिला सांगायचं होतं बसा, थांबा, मला थोडं बोलायचं आहे. पण तोंडातून आकडाच निघाला, सवयीने, त्याच कोरड्या आवाजात. "तीनशे पंच्याण्णव."

"म्हंजी?"

"म्हणजे बसतंय."

"पास?"

"पास."

त्याने डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग टोपीने कपाळ पुसलं आणि तो हसला, खालचे दोन दात नसलेलं हसू, आणि फिरदोसकडे वळून म्हणाला, "आयकलं का गं बाळ? पास म्हनत्यात." फिरदोस वळली होती. तिने ऋचाकडे बघितलं, एकदा, आणि खाली बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते ऋचाला वाचता आलं नाही. आजवर कधी वाचायला घेतलंच नव्हतं.

"माल लय काळा पडला," मोहिद्दीन म्हणत होता. "दोन मुठीत रंग धरत न्हाई. यार्डात हसत्यात मला, म्हनत्यात चाचा, बेदाणा हाय का लवंग? पडू दे. कंपनीत नाव ऱ्हायलं, बास. हिनं, सुगराबीनं, काड्या खुडनाऱ्या बायकास्नी घरी बसवलं व्हतं गेला म्हैनाभर, काम न्हाई म्हनून. आज निरोप धाडतो." तो थांबला. "एक सांगू का, मॅडम? तुमचं उपकार हायत."

"माझे कसले?"

"न्हाई, हायत. माझा बा आठ मुठी टाकायचा, मी बी टाकत आलो. चाळीस वर्सं. म्हंजी चाळीस वर्सं लोकाच्या पोटात इखच घालत व्हतो म्हना की. कुनी सांगितलं न्हाई. तुमी सांगितलं. कैफ, आमचा पोरगा, लय भांडला, म्हनला सांगलीला न्या नमुना, सगळी नेत्यात, तितं पास हुतंय. मी म्हनलं, गप. ती बाई कुनाचं ऐकत न्हाई, म्हंजी खरंच सांगत असनार. माझीच मूठ चुकली." त्याने उजवा हात उघडून स्वतःच्या तळव्याकडे बघितलं, जरा लाजल्यासारखं. "आता दोनच. मरस्तवर दोनच मुठी. पोरालाबी तेच शिकवतो."

ऋचाला संताप आला. डोळ्यांसमोर अंधारी यावी असा. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस, एका बाईने कागद दाखवला म्हणून स्वतःचा हात टाकून देतो? भांडायचं नाही? टेबलावर मूठ आपटून म्हणायचं नाही की तुझं यंत्र खोटं आहे, बाई, हा बेदाणा मी ओळखतो? काय म्हणून ऐकलंत माझं? मी खुर्ची मागे सरकवली तरी ऐकलंत, तीन तीनदा वर चढून आलात, पोराशी भांडलात, कामाच्या बायका घरी बसवल्यात, माल काळा करून घेतलात, आणि आता उपकार म्हणता? मूर्ख. मूर्ख माणूस... आणि तो शब्द नेहमीसारखाच तिच्या मनात वर आला, नेहमीच्या वाटेने समोरच्याकडे निघाला, आणि पोचला नाही. समोर एक म्हातारा बसला होता ज्याने विश्वास ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. शब्द माघारी आला आणि जागा शोधत आत फिरू लागला.

त्याने ओरडायला हवं होतं. एकदा, मनापासून, शिव्या घालून. त्यासाठी त्याला काय सांगावं लागेल ते फाइलखालच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, आणि सांगितलं नाही तर दर वर्षी ह्या दिवसांत शेड नंबर दोनमध्ये पडदे सुटतील आणि कुणीतरी घमेल्यात मोजून दोन मुठी टाकेल, चांगल्या द्राक्षांचा बेदाणा काळा करेल, आणि माझं नाव घेऊन करेल. तिला वाटलं फिरदोस काहीतरी बोलेल. ती बोलली असती तर सुटका झाली असती. नळातून पाणी ठिबकत होतं, आणि फिरदोसही वाट बघत होती.

मोहिद्दीन उठला. टोपी नीट बसवली, तिच्याकडे बघून छातीवर हात ठेवला आणि दाराकडे निघाला. एक पायरी उतरला. दुसरी.

"मोहिद्दीनचाचा," ऋचा म्हणाली. चाचा. असं तिने त्याला कधी म्हटलं नव्हतं, कुणालाच म्हटलं नव्हतं.

कठड्याला धरून तो वळला, अजून हसतच, काय म्हणता ते ऐकायला मान थोडी पुढे करून. आणि पुढचं वाक्य जिभेवर असताना तिला जाणवलं की तो आपल्याकडे असा बघतोय ते आणखी थोडा वेळ, निदान श्वासभर, तसंच राहावं असं तिला फार वाटतं आहे.